गळ वाढले असतां लहान तलावाचें काय होतें?

देवळाली कॅम्पाच्या आसपास दारणेच्या दोन्ही अंगांस जे लहान बंधारे व पाझर तलाव आहेत, त्यांत पूर्वीं भोई मंडळी जाळीं टाकीत व गांवचीं पोरें बांबूच्या काठीस दोरा बांधून काठावर बसत. अलीकडे रविवारीं नाशकाकडील हौशी मंडळी मोटारसायकलींवरून रीळ व रबरी बेडूक घेऊन येऊं लागली आहे. एकास मोठी मरळ लागली कीं तिचें छायाचित्र त्याच सायंकाळीं शेंकडों मोबाईलांवर फिरतें, आणि पुढील रविवारीं गळांची संख्या दुप्पट होते. मासे हें आपलें पीक नव्हे अशा समजुतीनें आपण जमीनधारक इकडे डोळेझांक करतों. परंतु जेथें तलावाचा ठेका गांवाकडे आहे तेथें तें उत्पन्न गांवाचें, आणि कांहीं घरांची तर ती चूलच आहे. सबब या गोष्टीचा विचार करणें प्राप्त आहे.

दारणा धरण १९१६ सालीं पुरें झालें. एवढ्या विस्तृत पाण्यांत पांचपन्नास गळांनीं विशेष फरक पडूं नये. आपल्या देशांत १,००० हेक्टरांच्या आंतील जलाशयास शास्त्रज्ञ लहान म्हणतात. त्या मापानें आमच्या शिवेवरचा तलाव म्हणजे डबकेंच. अशा ठिकाणीं मोठ्या मरळी किती असणार? माणसाच्या हातीं लागतात त्या नेमक्या त्याच.

मरळीची राहणी ध्यानांत घेतल्यास धोका कोठें आहे तें कळतें. ही मासळी कल्ल्यांबरोबर वरची हवाही घेते, म्हणून तिला वारंवार पृष्ठभागावर यावें लागतें व ती जाणत्यास सहज दिसते. पावसाळ्याच्या सुमारास नरमादी गवतांत जागा साफ करून तेथें तरंगणारीं अंडीं घालतात. पिल्लें निघालीं कीं तीं झुंडीनें वर येतात, आणि आईबाप खालीं पहाऱ्यास असतात. झुंडीजवळ कांहींही पडलें तरी तीं धांवून तोंड घालतात, तें भुकेनें नव्हे, तर राखणीसाठीं. गळवाल्यास हें पक्कें ठाऊक असतें. तो रबरी बेडूक नेमका झुंडीवर फेंकतो. राखणदार गेला कीं सारी झुंड इतर माशांच्या तोंडीं जाते. तरुणपणीं मींही असे दोन राखणदार एका सकाळीं काढले होते व घरीं मोठ्या दिमाखानें आणले होते. झुंडीचें काय झालें हें पाहण्यास मात्र मी परत गेलों नाहीं.

दुसरी गोष्ट सूक्ष्म आहे. जे मासे धीट, ते गळास प्रथम लागतात. उरतात ते भित्रे. अमेरिकेंत मरळीप्रमाणेंच पिल्लांची राखण करणारा ‘बास’ नांवाचा शिकारी मासा आहे. इलिनॉय प्रांतांतील रिज लेक या लहान तलावांतल्या बास माशांवर वीस वर्षांहून अधिक काळ प्रयोग करून २००९ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यांत आले. सहज गळास लागणाऱ्या व न लागणाऱ्या माशांची संतती वेगवेगळी वाढविली असतां हा गुण वंशांत उतरतो असें आढळलें. म्हणजे गळ केवळ संख्या घटवीत नाहीं, वाणही बदलतो. ‘आतां मासा गळाला लागतच नाहीं’ अशी तक्रार करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

शिकारी मासा कमी झाला कीं त्याचें भक्ष्य माजतें. १९५२ सालीं आपल्या देशांत आणलेली चिलापी अल्पवयांतच वितें व वर्षांतून अनेकदां वितें. तिचीं पिल्लें खाणारी मरळ गेली म्हणजे तलाव बोटाएवढ्या चिलापीनें भरतो. खाणारे फार, अन्न तेवढेंच, म्हणून एकही मासा अंगानें भरत नाहीं. अलाबामांतील ऑबर्न येथें स्विंगल यांनीं बास व ब्लूगिल या जोडीविषयीं हीच गोष्ट तळ्यांत प्रयोग करून दाखविली होती. यावर कोणी म्हणेल, मरळ तर आपण सोडलेलीं कटला-रोहूचीं पिल्लेंही खाते. खरें आहे. हे मासे सांचलेल्या पाण्यांत वीत नाहींत, आणि १९५७ सालीं कटक येथें त्यांस टोंचून विण्यास लावण्याची युक्ति साधल्यापासून बीज मुबलक झालें आहे. तें बारीक असतांना न सोडतां चांगली बोटुकली करून सोडावें, म्हणजे बरेंचसें नुकसान टळतें.

सर्वांत फसवा महिना वैशाख. पाणी आटून तलाव डोहापुरता उरतो, मासे दाटीनें एकत्र येतात आणि भरमसाट सांपडतात. लोक म्हणतात, यंदा मासळी फार! वस्तुतः ती फार नसते, कोंडलेली असते. म्हणून एकंदर मासळी मोजून उपयोग नाहीं. पिकाची पैसेवारी काढतांना जसें क्षेत्र विचारांत घेतात, तसे येथें श्रम घ्यावेत: किती गळ, किती तास, किती मासे, केवढे. खात्यांतल्या संवयीनें मी एक वही ठेविली आहे. तीन वर्षांत माणशी मिळकत निम्म्याहून खालीं आली, आणि मरळीची लांबी वितीवर येऊन ठेपली.

ठेका दरसाल लिलावानें देण्याची चालही येथें नडते. ज्यास पुढील वर्षाची शाश्वती नाहीं तो तळ खरवडून नेतो. त्यांत त्याचा दोष थोडा. पांच वर्षांचा ठेका स्थानिक भोई संस्थेस दिल्यास राखण्यांत तिचाच लाभ राहतो. गळवाल्यांस हांकून लावावें असें मी म्हणत नाहीं. त्यांच्याकडून फी घ्यावी, ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत गळ बंद ठेवावा, आंकडा बिनकांट्याचा असावा व हातभर मरळ पुन्हां पाण्यांत सोडावी. विष व सुरुंग यांस तर कायद्यानेंच बंदी आहे. आमच्या गांवीं येत्या ग्रामसभेंत डोहाचा एक कोपरा जाळ्यांविना राखण्याचा प्रश्न ठेविला आहे. विरोध होणार, तो बहुधा माझ्याच भाऊबंदांकडून.