मेलेलं माकड कुठे सापडलं?

1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या ‘एनआयव्ही’ने, विषाणू हुडकला. नाव मिळालं त्या जंगलाचं. आपल्याकडे मात्र तो माकडताप. आजार पसरवते गोचीड आणि बिल फाटतं माकडाच्या नावावर!

पुढची पन्नासएक वर्षं या आजाराचा नकाशा कर्नाटकातल्या पाच जिल्ह्यांतच घुटमळला. मग 2012 मध्ये बंडीपूर, 2013 मध्ये वायनाड, 2015 मध्ये गोव्यातली सत्तरी, 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यातलं केर, पुढच्या वर्षी बांदा. हे ठिपके रेषेने जोडले की वाटतं, आजार सह्याद्रीच्या अंगाने दोन्हीकडे चालत निघालाय. मला तरी ही रेषा फसवी वाटते. ठिपक्याशेजारचं साल असतं तपासणीचं. विषाणू तिथे कधी पोचला, हे त्यातून कळत नाही. तपासणीच झाली नाही तर तोच ताप डेंग्यू किंवा ‘व्हायरल’ म्हणून खपून जातो आणि नकाशावरचं गाव कोरं राहतं.

ठिपका नेमका कुठे द्यायचा, हा आणखी घोळ. काजूच्या हंगामात माणसं दिवसभर बागेत वाकून बिया गोळा करतात. खाली पातेरा, त्यात तिळाएवढी कोवळी गोचीड. ती चावल्याचं कळतही नाही. ताप येतो साधारण तीन ते आठ दिवसांनी, तोवर मजूर दुसऱ्या बागेत, नाहीतर घरी. सत्तरीच्या बागेत गोचीड चावलेला दोडामार्गचा माणूस घरी आजारी पडला आणि गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात दाखल झाला, तर ठिपका कुठे? रुग्णाच्या पत्त्यावर दिला तर फवारणी भलत्याच गावात. म्हणून रुग्णाला घर विचारून भागत नाही. गेल्या आठवड्यात कुठल्या बागेत होतास, हे विचारावं लागतं.

या नकाशावर सर्वांत बोलका ठिपका मेलेल्या माकडाचा. वानर आणि माकड दोघंही या विषाणूने मरतात. त्यांतलं एखादं मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. तिथे वेळेत मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी पडली, तर माणसाचा ठिपका टळू शकतो. पण माकड मेल्याची खबर देतो कोण? बागायतदाराला माकडांचा उपद्रव इतका, की एखादं मेलं तर तो सुटकेचा निःश्वास टाकतो.

डिसेंबर ते मे हा या तापाचा हंगाम. या दिवसांत बागेत वा रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, जवळ जाऊ नका; जागा नीट लक्षात ठेवा आणि वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.