क्वार्टरबॅकांत श्रेष्ठ कोण?

अमेरिकेंत फुटबॉलचा हंगाम सुरू झाला म्हणजे घरोघरीं एका जुन्या वादाला नव्यानें तोंड फुटतें. या खेळांत आजवर होऊन गेलेल्या क्वार्टरबॅकांत सर्वश्रेष्ठ कोण, हा तो वाद होय. आजोबा एक नांव घेतात, वडील दुसरें सांगतात, आणि नातवाला दोघांचेही वीर कालबाह्य वाटतात. वरवर पाहतां हा केवळ विरंगुळा आहे. परंतु निरनिराळ्या काळांतील माणसांचा पराक्रम एकाच मापानें मोजतां येतो काय, हा गंभीर प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे. मापच खोटें असेल, तर एखाद्याच्या आयुष्यभराच्या कर्तबगारीवर अन्याय होतो, आणि त्याविरुद्ध दाद मागण्यास तो मनुष्य पुष्कळदां हयातही नसतो.

प्रथम हा गडी करतो काय, तें पाहणें अवश्य आहे. अमेरिकन फुटबॉल हा पायानें चेंडू मारीत नेण्याचा खेळ नव्हे. त्यांत दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी असून, लांबट चेंडू हातांत घेऊन पळावयाचें किंवा तो पुढें फेकावयाचा असतो. चढाई करणाऱ्या पक्षानें चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन जिंकली पाहिजे; न जिंकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं चेंडू बहुधा क्वार्टरबॅकच्या हातीं येतो. धिप्पाड प्रतिपक्षी त्याला आडवा करण्यासाठीं धावून येत असतात. अशा वेळीं, चेंडू जवळच्या सहकाऱ्याला द्यावा, दूर धावणाऱ्या गड्याकडे फेकावा, कीं स्वतःच पळावें, हें त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावें लागतें. सेनापति आणि तिरंदाज या दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे असतात, असें म्हटलें तरी चालेल.

श्रेष्ठत्व ठरविण्याचा सोपा मार्ग म्हणजे आंकडे. १९६७ सालीं जो नेमथनें आपल्या फेकींच्या बळावर एका हंगामांत ४,००७ यार्डांची मजल मारली. चार हजारांचा टप्पा तोंवर कोणत्याही धंदेवाईक क्वार्टरबॅकनें गांठला नव्हता. २०१३ सालीं पेटन मॅनिंगनें ५,४७७ यार्डांचा पल्ला गांठला. तेव्हां मॅनिंगच श्रेष्ठ, असें म्हणून मोकळें होतां येईल काय? नेमथचा हंगाम १४ सामन्यांचा होता, मॅनिंगचा १६ सामन्यांचा. २०२१ पासून तर तो १७ सामन्यांचा झाला आहे. त्याहून मोठा फरक नियमांत आहे. १९७८ पूर्वीं चेंडू झेलण्यास धावणाऱ्या गड्याला प्रतिपक्ष वाटेंत धक्के देऊन अडवूं शकत असे. त्या सालीं ही मुभा पहिल्या पांच यार्डांपुरतीच ठेवण्यांत आली, आणि क्वार्टरबॅकचें रक्षण करणाऱ्या गड्यांना हात पुढें पसरून अडविण्याची परवानगी मिळाली. पुढें सहाच वर्षांनीं, १९८४ मध्यें, डॅन मरीनोनें ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाऊन अशी अपूर्व कामगिरी केली. मरीनोचें कौशल्य असामान्य होतें यांत शंका नाहीं. पण नेमथला बंद असलेली वाट त्याच्यासाठीं मोकळी झाली होती.

यावर एक तोडगा सुचतो. प्रत्येकाची तुलना इतर काळांतील खेळाडूंशीं न करितां त्याच्या समकालीनांशीं करावी. क्रिकेटमध्यें ब्रॅडमनची ९९.९४ ही सरासरी थोर ठरते, ती याच न्यायानें. १९४५ सालीं वॉशिंग्टनच्या सॅमी बॉ याच्या शेंकडा ७०.३ फेकी सहकाऱ्यांच्या हातीं पोंचल्या. त्या वर्षीं नॅशनल फुटबॉल लीगमधील एकंदर फेकींपैकीं निम्म्याही झेलल्या जात नव्हत्या. हा विक्रम १९८२ पर्यंत टिकला. २०१८ सालीं ड्रू ब्रीझनें ७४.४ हा आंकडा गांठला खरा, परंतु तेव्हां सर्व लीगचीच सरासरी सुमारें ६५ होती. नुसता आंकडा ब्रीझचा मोठा. आपल्या काळाहून वर उठलेली उंची मात्र बॉची अधिक. शिवाय बॉच्या काळीं तोच गडी चढाईंतही खेळे आणि बचावांतही. १९४३ मध्यें चेंडू फेकण्यांत, लाथाडण्यांत आणि प्रतिपक्षाची फेक मध्येंच झेलण्यांत, तिन्हींत तो लीगमध्यें पहिला आला होता.

तथापि हेंही माप सर्वथा निर्दोष नाहीं. कारण समकालीन कोण होते, हें पाहावें लागतें. १९४५ मध्यें लीगमध्यें दहाच संघ होते आणि कित्येक खेळाडू सैन्यांत होते. आज ३२ संघ आहेत. शिवाय १९३४ ते १९४५ या काळांत लीगमध्यें एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ज्या शर्यतींत अनेकांना उतरूंच दिलें नाहीं, तिच्यांतील अंतर किती खरें मानावें?

दुसरे कित्येक म्हणतात, अजिंक्यपदें मोजा. ऑटो ग्रॅहॅम १९४६ ते १९५५ असे दहा हंगाम क्लीव्हलंडतर्फे खेळला. दहाही वेळां त्याचा संघ अंतिम सामन्यांत पोंचला आणि सात वेळां विजयी झाला. त्यांतील पहिलीं चार पदें मात्र दुसऱ्या, पुढें बंद पडलेल्या लीगमधील होतीं. टॉम ब्रेडीनें २३ हंगामांत सात सुपर बोल जिंकले; सातवा, २०२१ च्या फेब्रुवारींत, वयाच्या ४३ व्या वर्षीं. जो मोंटाना चार सुपर बोल खेळला, चारही जिंकला, आणि त्या चारांत त्याची एकही फेक प्रतिपक्षाच्या हातीं गेली नाहीं. उलट मरीनोला १७ हंगामांत एकही अजिंक्यपद मिळालें नाहीं. पण अजिंक्यपद संघाचें असतें. बचाव करणारे गडी दुबळे असल्यास एकट्या क्वार्टरबॅकनें काय करावें?

या सर्व मापांच्या बाहेर राहणारा एक गडी म्हणजे वॉरन मून. त्या काळीं कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला दुसऱ्या जागीं खेळविण्याची रूढि अनेक संघांत होती. १९७८ च्या निवडींत कोणत्याही संघानें मूनला घेतलें नाहीं. तो कॅनडांत गेला आणि तेथें एडमंटनच्या संघानें त्याच्यासह लागोपाठ पांच वर्षें अजिंक्यपद पटकावलें. १९८४ मध्यें तो ह्यूस्टनकडून खेळूं लागला, आणि २००६ सालीं फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत स्थान मिळालेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. अमेरिकन लीगच्या वहींत त्याच्या नांवावर ४९,३२५ यार्ड आहेत. कॅनडांतील २१,२२८ यार्ड त्या वहींत येत नाहींत.

म्हणून ‘सर्वश्रेष्ठ कोण’ या एका प्रश्नाचे निदान तीन प्रश्न करावे लागतात. दीर्घकाळ, सातत्यानें यश कोणी मिळविलें, असें विचारल्यास ब्रेडीचें नांव टाळतां येणार नाहीं. आपल्या काळाच्या मानानें सर्वांत उंच कोण, असें विचारल्यास बॉ आणि ग्रॅहॅम पुढें येतात. आणि कोणाला किती संधि मिळाली, असा तिसरा प्रश्न विचारला, म्हणजे मूनसाठीं वरच्या पंक्तींत जागा करावीच लागते. आजोबा, वडील आणि नातू यांचीं उत्तरें जुळत नाहींत, याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें कीं, प्रत्येक जण मनाशीं वेगळा प्रश्न धरून बसलेला असतो. आधीं प्रश्न सांगावा आणि मग नांव घ्यावें, एवढें पथ्य पाळलें, तर वाद मिटेलच असें नाहीं. पण कोणा जुन्या खेळाडूवर नकळत होणारा अन्याय तरी टळेल.