संमतीचा घटस्फोट : करारनाम्यासाठी मदत कोणाची?

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३-ब नुसार, किमान एक वर्ष वेगळे राहिलेले पती-पत्नी परस्पर संमतीने घटस्फोट मागू शकतात. पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावे लागते. मात्र योग्य प्रकरणात न्यायालय ही मुदत माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले.

अर्जासोबतच्या संमतीच्या अटी मात्र घाईने लिहू नयेत. कौटुंबिक न्यायालयात हक्क म्हणून वकील उभा करता येत नाही, परवानगी लागते. पण मसुद्यासाठी वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा. शक्यतो दोघांनी आपापला वकील ठेवावा, कारण एकच वकील दोघांचेही हित सारखे जपू शकत नाही.

घर दोघांच्या नावावर असेल, तर हप्ते कोण भरणार हे लिहून भागत नाही. बँक त्या कराराने बांधली जात नाही. कर्जातून नाव काढण्यासाठी तिची मान्यता लागते. भविष्यनिर्वाह निधी, विमा, दागिने, करदायित्व यांचा हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावा. मुलांचा ताबा, भेटी, सुट्ट्या आणि शिक्षणखर्च ठरवताना न्यायालयातील विवाह समुपदेशकांची मदत होते.

पैशांची अडचण असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते.

न समजलेल्या एकाही अटीवर सही करू नका.