आडनावाचा मासा

पावसाळा सुरू झाला की आरोग्य केंद्रातले काका नाहीतर ताई घरोघर येतात. पिंपातल्या पाण्यावर बॅटरी मारून बघतात, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणून बजावतात आणि जवळपास वापरात नसलेली विहीर किंवा साचलेलं डबकं दिसलं की त्यात बारकेसे मासे सोडतात. गप्पी मासे. डासांच्या अळ्या हा त्यांचा आवडता खाऊ.

आता खरं सांगा, गप्पी हे नाव ऐकून तुम्हाला काय वाटलं होतं? मासा गप्पिष्ट असणार, हो ना? सारखं तोंड उघडायचं, मिटायचं, मग दुसरं काय नाव ठेवणार! पण या नावाचा गप्पांशी काडीचा संबंध नाही. गप्पी हे चक्क आडनाव आहे. इंग्लंडमधलं, आणि तेही फारसं कुणाचं नसलेलं. स्मिथ तिथे गल्लोगल्ली भेटतील. गप्पी हुडकायचे असतील तर नकाशाचा एक विशिष्ट कोपरा गाठावा लागायचा.

तिकडे आपण जाऊच. आधी हे आडनाव माशाच्या गळ्यात कसं पडलं ते बघू.

रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी 1836 साली लंडनमध्ये जन्मले आणि आजी-आजोबांकडे, एका जुन्या किल्लेवजा वाड्यात वाढले. अठराव्या वर्षी स्वारी घर सोडून जग बघायला निघाली. 1856 साली न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर त्यांचं जहाज फुटलं. जीव वाचला, आणि मग ते जवळजवळ दोन वर्षं तिथल्या माओरी लोकांमध्ये राहिले. तिथून पुढे पोचले वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर. नोकरी होती शाळा तपासण्याची. हो, तेच ते, ज्यांच्या भेटीच्या दिवशी गुरुजीसुद्धा जरा घाबरलेले असतात. पण यांचं मन रमायचं शंख-शिंपल्यांत, जीवाश्मांत आणि ओढ्यातल्या माशांत. त्रिनिदादच्या पाण्यातले चिमुकले मासे त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तिथल्या अल्बर्ट गुंथर या मत्स्यतज्ज्ञानं 1866 साली त्या माशाला शास्त्रीय नाव दिलं, जिरार्डिनस गप्पाय. पाठवणाऱ्याचा मान राखायला आडनाव जोडलं.

गंमत पुढेच आहे. बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्स यांनी हाच मासा व्हेनेझुएलामधून मिळवून 1859 सालीच त्याचं बारसं उरकलं होतं! प्राणीशास्त्राचा नियम कडक असतो: ज्यानं आधी नाव ठेवलं त्याचं खरं. त्यामुळे आज पुस्तकात या माशाचं नाव पोसिलिया रेटिक्युलाटा असं आहे. कागदावर गप्पी हरले. पण पोसिलिया रेटिक्युलाटा असं म्हणत बादलीतून मासे कोण सोडणार? लोकांच्या तोंडी गप्पीच राहिला.

हा मासा जरा गढूळ, घाण पाण्यातही तग धरतो, अंडी न घालता थेट पिल्लं देतो आणि भराभर वाढतो. म्हणून डासांच्या मागे लागलेल्या माणसांनी त्याला देशोदेशी नेलं, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी भारतातही आणलं. (जाता जाता एक सांगते. घरातल्या टाकीतले गप्पी नदीत नेऊन सोडू नका. ते तिथल्या मूळच्या माशांची अंडी-पिल्लं फस्त करतात.) गप्पी आडनावाच्या माणसांनी मिळून जेवढा प्रवास केला नसेल तेवढा त्यांच्या आडनावानं माशाच्या पाठीवर बसून केला.

आता चला त्या कोपऱ्यात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तिच्या पश्चिम टोकाला वुटन फिट्झपेन हे खेडं. तिथून चार-पाच किलोमीटरवर लाइम रीजिस, जिथे मेरी अ‍ॅनिंग या मुलीनं समुद्रकड्यांतून प्रचंड सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे शोधले. तर या वुटन फिट्झपेनच्या हद्दीत गप्पी नावाची एक छोटीशी वाडी होती. खूप जुन्या काळी गुप्पा नावाच्या कुणा माणसानं तिथे कुंपण घालून जमीन राखली असावी. त्या काळच्या इंग्रजीत 'गुप्पाचं कुंपण' या अर्थाच्या शब्दांचं झिजत झिजत गप्पी झालं. चिपळूणचे चिपळूणकर आणि राजापूरचे राजापूरकर, तसे हे गप्पीचे गप्पी. फक्त 'कर' लावायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

जरा विचार करा. वाडीत राहणाऱ्या माणसाला वाडीतच कुणी गप्पी म्हणेल का? तिथे तर सगळेच गप्पीचे. हे नाव उपयोगी पडतं ते वाडी सोडून शेजारच्या गावात गेल्यावर. 'कोण जॉन? अरे, तो गप्पीचा!' म्हणजे गावावरून पडलेलं आडनाव बहुतेक वेळा गाव सोडलेल्या माणसाचं असतं. आणि अशी माणसं सहसा फार लांब जात नसत. आठवड्याच्या बाजाराला जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढंच. म्हणून एकोणिसाव्या शतकातसुद्धा गप्पी भेटायचे ते मुख्यतः डॉर्सेटमध्ये आणि त्याला लागून असलेल्या सॉमरसेट-डेव्हनच्या बाजूला.

इंग्लंडमध्ये आधी आडनावंच नव्हती. 1066 साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून राजा झाला. त्याच्याबरोबर आलेले सरदार आपल्या जहागिरीचं नाव लावत. जमीन बापाकडून मुलाकडे जायची, तर नावही गेलेलं बरं! हळूहळू ही पद्धत खाली उतरली. शिवाय गावात जॉन आणि विल्यम एवढे झाले होते की कर गोळा करणाऱ्या कारकुनाच्या डोक्याला ताप. मग कुणी धंद्यावरून बेकर, कुणी बापावरून जॉन्सन, कुणी दणकट दंडांवरून आर्मस्ट्राँग. साधारण 1400 सालापर्यंत बहुतेक इंग्रज घराण्यांना पिढीजात आडनाव मिळालं होतं.

मग स्मिथ एवढे आणि गप्पी इतके कमी का? स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार प्रत्येक गावात होता. ते आडनाव हजारो ठिकाणी वेगवेगळं जन्माला आलं. गप्पी मात्र एकाच वाडीत उगवलं. त्यात भर म्हणजे 1348 साली प्लेग आला. काळा मृत्यू म्हणतात तो हाच. इंग्लंडमध्ये तो शिरला कुठून? डॉर्सेटमधल्याच मेल्कम रीजिस बंदरातून. देशातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं त्यानं नेली. आडनावं नुकती कुठे स्थिरावत होती, तेवढ्यात कितीतरी आडनावांचे सगळे धनीच गेले. प्लेगच्या दारात असूनही गप्पी वाचले, हे नशीबच.

प्लेग नसता तरी आडनावं मरतात. खोटं वाटतं? दोन नाणी घ्या. इंग्लंडमध्ये आडनाव वडिलांकडून मुलाकडे जायचं, मुली लग्नानंतर नवऱ्याचं लावायच्या. (योग्य की अयोग्य ते नंतर भांडू.) कागदावर वेगवेगळी शंभर आडनावं लिहा, प्रत्येकाचा एकच माणूस. प्रत्येकासाठी दोन्ही नाणी उडवा. जितके छापे, तितके मुलगे. दोन्ही काटे आले तर मुलगा नाही, आडनाव खोडा. पुढच्या पिढीत प्रत्येक मुलासाठी पुन्हा दोन नाणी. पहिल्याच फेरीत शंभरातली पंचवीसेक आडनावं खुडली जातील. दुसऱ्या फेरीअखेर गेलेली एकोणचाळीसच्या आसपास, चौथ्या फेरीनंतर निम्म्याहून जास्त! आणि माणसं मोजाल तर ती साधारण तेवढीच, शंभरच्या आगेमागे. कुणावर संकट नाही, साथ नाही, तरी काही आडनावं फोफावतात आणि बाकीची गुपचूप पुसली जातात. नाणी उडवायचा कंटाळा आला तर भावंडांना कामाला लावा.

आडनावं अशी कशी संपतात, हाच प्रश्न इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1873 साली एका शैक्षणिक मासिकात वाचकांना घातला. हेन्री वॉटसन नावाच्या गणिती पाद्रीबुवांनी तो सोडवायला घेतला. त्यांची रीत झकास होती, पण शेवटी अनुमान काढलं की सगळीच आडनावं कधी ना कधी संपणार. इथे ते चुकले. प्रत्येक बापामागे सरासरी एकाहून जास्त मुलगे असतील तर आडनाव टिकण्याची शक्यता असतेच. पुढे हेच गणित अणूंची साखळी-प्रक्रिया समजून घ्यायलाही कामाला आलं. आडनावांचं गणित, आणि पोचलं अणुभट्टीपर्यंत!

गप्पी आडनावात लग्न करून आलेल्या बायकांपैकी एकीला विसरून चालणार नाही. सारा गप्पी या ब्रिस्टल शहरातल्या. 1811 साली त्यांनी पुलाचा पाया पक्का करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी दुसरं पेटंट, चहाच्या अशा भांड्याचं, की ज्यात चहाचं पाणी उकळताना त्याच वाफेवर अंडं शिजावं आणि वर टोस्टही गरम राहावा. मला विचाराल तर पुलापेक्षा हाच शोध भारी. त्यांचा मुलगा थॉमस इंजिनिअर झाला. अटलांटिक महासागर ओलांडणारी मोठमोठ्या आगबोटी बांधणाऱ्या ब्रुनेल यांचा तो जोडीदार. आणि चार्ल्स डिकन्स यांनी 'ब्लीक हाउस' कादंबरीतल्या एका वकिलाच्या कारकुनाला हेच आडनाव दिलं.

पण माझे सगळ्यात लाडके गप्पी वेगळेच. हेन्री ब्रूम गप्पी. जन्म 1854, गाव फालमथ, पेशानं नौदलातले डॉक्टर. जहाज सॉलोमन बेटांवर सर्वेक्षण करत असताना यांचं लक्ष किनाऱ्यावर वाहून आलेल्या बियांकडे. कुठली बी खाऱ्या पाण्यात किती दिवस तरंगते, बुडते कधी, रुजते का, हे ते चिकाटीनं तपासत. वेस्ट इंडीजमधल्या एका मोठ्या वेलीच्या चपट्या तपकिरी बिया समुद्रप्रवाहाबरोबर थेट युरोपच्या किनाऱ्याला लागतात. कोकणात गारंबी पाहिली आहे ना? हाताएवढ्या लांब शेंगेची? तिचीच ती चुलत बहीण.

बिया कशा पसरतात याचा ध्यास घेतलेल्या या माणसानं 1890 साली एक पुस्तक काढलं, ब्रिटनमधल्या आडनावांची मूळ घरं शोधणारं. आता माणसं मोजायची तर सगळ्या देशाची कशी मोजणार? संगणक नव्हता. हेन्रींनी युक्ती केली. काउंट्यांच्या छापील डिरेक्टऱ्या घेतल्या आणि त्यातले फक्त शेतकरी निवडले. कारण शेतकरी जमिनीला बांधलेला. व्यापारी, मजूर, कारकून पोटामागे शहरात जातात. शेतकऱ्याचा मुलगा बहुधा तिथेच नांगर धरतो. मग दर 10,000 शेतकऱ्यांमागे कुठलं आडनाव किती, हे त्यांनी काउंटीवार काढलं. 30 ते 40 काउंट्यांत सापडणारी आडनावं सर्वसाधारण, मग त्याहून कमी, त्याहून कमी अशा पायऱ्या उतरत सहावा गट एकाच काउंटीत दडून बसलेल्यांचा. कॉर्नवॉलमध्ये अशी दडून बसलेली पुष्कळ निघाली, त्रे, पोल आणि पेननं सुरू होणारी. तिथली जुनी भाषाच इंग्रजीहून वेगळी होती ना!

आज शास्त्रज्ञ डिरेक्टरीऐवजी थुंकीचा नमुना घेतात. वाय गुणसूत्र हे आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 2009 साली 40 ब्रिटिश आडनावांच्या दीड हजारांहून जास्त पुरुषांची गुणसूत्रं ताडून पाहिली. स्मिथ-स्मिथ एकमेकांना जवळपास परके निघाले. दुर्मीळ आडनावांच्या पुरुषांची मात्र अनेकदा जुळली, म्हणजे मागे कधीतरी त्यांचा एकच पूर्वज होता.

थुंकी तपासायचं यंत्र तुमच्या-माझ्याकडे नाही, पण हेन्रींची रीत फुकट आहे. तुमच्या गावच्या शाळेचं हजेरीपुस्तक बाईंकडून मागून घ्या. दुसऱ्या तालुक्यात, तिसऱ्या जिल्ह्यात राहणाऱ्या मामे-आते भावंडांना त्यांच्या शाळेतून तशीच यादी करायला सांगा. कुठलं आडनाव सगळीकडे आहे, कुठलं दोनच यादीत आणि कुठलं एकाच ठिकाणी, ते नकाशावर रंगवा. फक्त मुंबई-पुण्यातल्या शाळेपासून सुरुवात करू नका. हेन्रींनी शेतकरीच का निवडले होते, आठवतंय ना?