‘च’च्या पोटातला दुसरा ‘च’

‘बैलाला चार पेंढ्या चार.’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. पहिला आणि शेवटचा ‘चार’ लिहायला अगदी सारखे, पण मराठी माणूस ते सारखे उच्चारत नाही. आकड्यातल्या ‘च’साठी जिभेचा रुंद भाग टाळूला भिडतो. चारा घालतानाच्या ‘च’साठी जीभ पुढे सरकून वरच्या दातांमागे टेकते आणि आवाज ‘त्स’च्या अंगाने निघतो. दोन्हींची अदलाबदल करा, वाक्य लगेच कानाला खटकेल.

बाकी सगळं तसंच ठेवून एकच ध्वनी बदलल्यावर अर्थ बदलला, तर त्या दोन शब्दांना भाषाशास्त्रात ‘मिनिमल पेअर’ म्हणतात; किमान फरकाची जोडी. ताट-थाट, तोप-टोप, वेल-वेळ, मन-मण. अशी जोडी सापडली की ते दोन ध्वनी त्या भाषेच्या लेखी वेगळे, म्हणजे दोन वेगळे स्वनिम ठरतात. ही परीक्षा घ्यायला यंत्र लागत नाही, ती भाषा बोलणारा माणूस पुरतो.

आणि ही परीक्षा वर्णमालेलाही उघडं पाडते. ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण काटेकोरपणे वेगळे लिहितो, पण रोजच्या बोलण्यात तो फरक क्वचितच उरतो. उलट ‘जगात जगायचं कसं?’ या प्रश्नातले दोन ‘ज’ जीभ न चुकता वेगळे काढते आणि लिपीला त्याचा पत्ताच नसतो.

मराठीत हे दोन-दोन ‘च’ आणि ‘ज’ आले कुठून? ‘माझा’ म्हणा, मग ‘माझी’ म्हणा. ‘ई’ शेजारी येताच ‘झ’ टाळूकडे सरकतो. देशी शब्दांत साधारण हाच नियम चालतो: इ, ए, य जवळ असले की तालव्य उच्चार, एरवी दंततालव्य. नियम एवढाच असता, तर उच्चार शेजाऱ्यावरूनच ठरला असता आणि जोडी कधी जमलीच नसती. पण संस्कृतातून आलेल्या ‘जग’ने आपला तालव्य ‘ज’ सोडला नाही, आणि ‘जगणे’चा देशी ‘ज’ त्याच्या समोर उभा राहिला. म्हातारपण या अर्थाची संस्कृत ‘जरा’ आणि थोडंसं या अर्थाचा फारसीतून आलेला ‘जरा’ यांचंही तसंच. ‘चार’ हा आकडा तर जुन्या कागदांत ‘च्यार’ असाही आढळतो. ‘य’ गळला, पण तालव्य उच्चार मागे राहिला.

हे भेद कान फार लवकर शिकतो. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत ती क्षमता बरीच ओसरलेली दिसली. इंग्रजीत तोप-टोपसारखी जोडी नाही, मग तो फरक जपून ठेवायचा कशाला?

आपल्याला हसायचं कारण नाही. मिळवणं या अर्थाचा ‘गेट’ आणि फाटक या अर्थाचा ‘गेट’ यांत इंग्रजी कानाला दोन स्वच्छ वेगळे स्वर ऐकू येतात. आपण दोन्हीकडे तोच ‘ए’ वापरतो, आणि काही राहून गेलं असं वाटतही नाही.