सीडलेस द्राक्षात बी असतंच!

मे २०२५ मध्येच पावसाने ठाण मांडलं. द्राक्षवेलीच्या खरड छाटणीनंतरच्या काडीला ऊन मिळालं नाही आणि सूक्ष्मघड घडायच्या वेळी आभाळ भरलेलं राहिलं. पुढे बागांत घड किती कमी सुटले, हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या बातम्यांतून वाचून झालं आहे. त्यातून ‘नवं वाण द्या’ ही जुनीच मागणी पुन्हा वर आली. ती पुरी व्हायला इतका वेळ का लागतो, याचं उत्तर मात्र भ्रूणशास्त्रातल्या एका बोजड संज्ञेत दडलंय: स्टेनोस्पर्मोकार्पी.

केळ्याला परागीकरण लागत नाही, फलन न होताच फळ धरतं. त्याला अनिषेकफलन म्हणतात. आपलं थॉमसन सीडलेस द्राक्ष त्यातलं नाही. त्याच्या फुलात फलन रीतसर होतं, भ्रूण तयार होतो, काही आठवडे वाढतोही. मग वाढ थांबते. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. स्टाउट यांनी या प्रकाराला १९३६ मध्ये स्टेनोस्पर्मोकार्पी हे नाव दिलं. मणी चावताना कधीकधी जिभेला मऊ, बारीक काहीतरी लागतं, ते हेच थांबलेलं बी.

दोष बिचाऱ्या भ्रूणाचा नसतो. बीजावरण घडवणाऱ्या एका जनुकात एका जागी झालेला बदल याच्या मुळाशी आहे, असं २०१८ च्या संशोधनात दिसलं. आवरण कडक होत नाही, आतला अन्नसाठा नीट तयार होत नाही आणि भ्रूण उपाशी राहतो.

एरवी वाढणारं बी संप्रेरकं सोडतं आणि त्या जोरावर फळ फुगतं. हे पाहायला साताऱ्याची स्ट्रॉबेरी बरी. तिच्या अंगावरचे ‘दाणे’ हीच तिची खरी फळं, प्रत्येकात एकेक बी. वनस्पतिशास्त्रज्ञ जाँ नित्श यांनी १९५० च्या सुमारास ते दाणे काढून टाकले, तर गर वाढायचा थांबला. त्यांच्या जागी ऑक्झिन हे संप्रेरक लावलं, तर पुन्हा वाढला. महाबळेश्वरच्या गाड्यावर एका अंगाने खुरटलेली स्ट्रॉबेरी दिसली, तर त्या बाजूच्या दाण्यांत बहुतेक वेळा फलनच नीट झालेलं नसतं.

सांगलीच्या द्राक्षात बियांच्या संप्रेरकांचा हा संदेश अर्ध्यावर तुटतो, म्हणून मणी मुळात लहान. ती उणीव बागायतदार जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात घड बुडवून भरून काढतो. मणी ज्वारीएवढे झाले की डिपिंग, थोडे वाढले की पुन्हा. कॅलिफोर्नियात रॉबर्ट वीव्हर यांनी जिबरेलिनचा हा गुण १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवला. ‘औषध मारून फुगवलेली द्राक्षं’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की जिबरेलिन हे वनस्पतींच्या स्वतःच्या शरीरातलंच संप्रेरक आहे. माझा राग कीडनाशकांच्या बेहिशेबी फवाऱ्यांवर आहे, जीएवर नाही.

आता वाणाकडे. आईच बी देत नसेल, तर तिचा संकर कसा करायचा? बियांची आई आणि बिनबियांचा बाप घेतला, तर पिढीत सीडलेस रोपं थोडीच निघतात. म्हणून आपल्याकडे वाट निघाली ती शेतकऱ्याच्या नजरेतून. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधला एक वेगळा वेल हेरला. तोच तास-ए-गणेश. सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका असाच निवडला. विद्यापीठाचा शिक्का नसताना केलेलं हे काम मला कुठल्याही प्रबंधाहून मोठं वाटतं. पण त्याला मर्यादा आहे. तास-ए-गणेश, सोनाका, माणिकचमन ही सगळी थॉमसनचीच लेकरं, कलमांवर वाढलेली. मण्याची लांबी बदलली, रक्त तेच. बुरशीजन्य डाऊनी रोग आला की सगळ्यांच्याच पानांवर येतो.

दुसरी वाट भ्रूण वाचवण्याची. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो इथे डेव्हिड रॅमिंग आणि सहकाऱ्यांनी ती बांधली. भ्रूण मरण्याआधीच कोवळं बीजांड मण्यातून काढायचं, काचपात्रात पोषकद्रव्यावर वाढवायचं आणि भ्रूणाचं रोप करायचं. अशाने आईबाप दोन्ही सीडलेस घेता येतात आणि सीडलेस लेकरांचं प्रमाण कितीतरी वाढतं. आज परदेशी कंपन्या रॉयल्टी घेऊन आपल्याला वाणं विकतात, त्यांच्या पैदाशीत या तंत्राचा मोठा वाटा आहे.

पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे. संकरापासून बागेपर्यंत एका वाणाला दहा-पंधरा वर्षं सहज जातात, हे मान्य. म्हणूनच दरवर्षी नुकसानभरपाईच्या मोर्चात जेवढा आवाज लागतो, त्यातला थोडा भ्रूण-संवर्धनाच्या प्रयोगशाळांसाठी आणि सांगलीच्या रानात त्या रोपांच्या चाचण्यांसाठी लावायला हवा. आज काचपात्रात ठेवलेल्या बीजांडाचा घड बाजारात यायला २०४० उजाडेल.