परिचारिका आणि विद्यापीठ

रुग्णालयातून बरा होऊन आलेल्या माणसाला डॉक्टरांचे नाव पाठ असते. रात्रभर उशाशी येऊन गेलेल्या सिस्टरचे नाव मात्र त्याला क्वचितच आठवते. ती काय शिकली, कोठे शिकली, हे तर आपण विचारीतही नाही. शुश्रूषा हा बायकांचा उपजत गुण, त्याला विद्यापीठ कशाला, अशी शंका चांगली शिकलेली माणसेही काढतात. या शंकेचे उत्तर इतिहासात शोधावे, एवढाच आमचा हेतू आहे.

1860 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची परिचारिका-शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात निघाली आणि शुश्रूषा हा शिकून करावयाचा व्यवसाय आहे, हे जगाला पटू लागले. या शाळेच्या पाठीशी लोकवर्गणीचा स्वतंत्र निधी होता. पुढे ठिकठिकाणी निघालेल्या बहुतेक शाळा मात्र रुग्णालयांच्याच अंकित राहिल्या. मुलीला राहण्या-जेवण्याची सोय आणि थोडे विद्यावेतन मिळे. त्या बदल्यात रुग्णालयाला स्वस्तात राबणारे हात मिळत. आधी वॉर्डातले काम, मग वेळ उरला तर धडा! तेव्हा मूळ प्रश्न असा होता की, शिकणाऱ्या मुलीचा वेळ कोणाचा? तिच्या शिक्षणाचा, की रुग्णालयाच्या गरजेचा?

विद्यापीठाचा दरवाजा ठोठावला गेला तो या प्रश्नापायी. अमेरिकेत 1907 साली अ‍ॅडलेड नटिंग या परिचारिका कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात प्राध्यापक झाल्या. 1909 साली मिनेसोटा विद्यापीठाने परिचर्येची शाळा आपल्या छत्राखाली घेतली आणि 1923 साली येल विद्यापीठात स्वतंत्र अधिष्ठाता असलेली शाळा उभी राहिली. विद्यार्थिनीने वॉर्डात किती तास घालवावयाचे आणि कशासाठी, हे आता शिक्षक ठरवू लागले.

आपल्याकडे या वाटेवर आणखी एक धोंड होती, ती लोकलज्जेची. परक्या पुरुषाची सेवा करणे पांढरपेशा घरातील स्त्रीला शोभत नाही, असा समज पक्का होता. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची परंपरा सुरू केली, हे आपण जाणतोच. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन काढले आणि तेथील स्त्रियांना परिचर्या शिकण्यासाठी ससून रुग्णालयात धाडले. ती धोंड हलविण्यास मोठाच हात लागला तो असा.

महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ 1916 साली निघाले. पण परिचारिकेला त्यात जागा मिळावयास अठ्ठेचाळीस वर्षे लागली. मधल्या काळात भोर समितीने 1946 साली आपला अहवाल दिला. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. 1947 साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. आणि 1964 साली मुंबईत, कर्व्यांच्याच विद्यापीठात, लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातही त्याच वर्षी परिचर्येचे महाविद्यालय सुरू झाले. 1998 साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर या शिक्षणाला राज्यव्यापी छत्र मिळाले.

आता कोणी म्हणेल, पदवीने रोग्याचे काय भले झाले? आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. 1954 साली पिंपरीला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना आला, मागोमाग इतर कारखाने आले आणि आता ही रांग चाकणच्या पुढे गेली आहे. समजा, प्रेसवर काम करणाऱ्या एखाद्या कामगाराचा हात मोडला आणि प्लास्टर घातले. रात्री दोन वाजता तो कण्हू लागला. वेदनेची गोळी देऊन त्याला निजविणे सोपे आहे. पण जाणती परिचारिका आधी त्याची बोटे पाहते. ती फिकट वा थंड पडली आहेत काय, मुंग्या येतात काय, बोट हलकेच सरळ करताच कळ मस्तकात जाते काय? आत सूज वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा कोंडत असेल, तर थोड्याच तासांत हात कायमचा निकामी होऊ शकतो. बोटे अजून ऊबदार असली, तरी वाढती कळ हीच पहिली सूचना, हे तिला ठाऊक असते. ती डॉक्टरांना तत्काळ बोलाविते. त्या घटकेला डॉक्टर तेथे नसतात, ती असते. रोग्याची माया असलीच पाहिजे. परंतु ही खूण ओळखण्यास शरीरशास्त्रच लागते.

पदवीधर मुलगी बेडपॅन उचलील काय, हीही शंका ऐकू येते. उचलते, आणि त्यात काय दिसले हे लिहूनही ठेवते, कारण त्याचा अर्थ तिला कळतो.

आज पिंपरीतच, अभिमत विद्यापीठाच्या महाविद्यालयात, मुली आणि मुलगेही परिचर्येची पदवी घेतात. त्यासाठी दुसऱ्या गावी जाण्याचे कारण उरलेले नाही. पण जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे उभा आहे. एका सिस्टरच्या वाट्याला फार रोगी आले, तर कण्हणाऱ्याची बोटे पाहावयास तिला सवड कोठून मिळावी? विद्यापीठाने तिला जाणते केले. त्या जाणतेपणाला वेळ मिळवून देणे हे रुग्णालये चालविणाऱ्यांचे आणि त्यांना जाब विचारणाऱ्या आपणा नागरिकांचे काम आहे. पुढच्या खेपेस रुग्णालयात गेलो, तर खाटा किती हे विचारताना रात्रपाळीला परिचारिका किती, हेही आपण विचारू या.